जवळ्याच्या टोपलीत हात

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "हाड छान जुळलंय. हाडाची काही तक्रार नाही." मग ते माझ्या हाताकडे वळले. टेबलावर टॉवेल अंथरून मी तो त्यावर ठेवला होता, कारण टेबलाचा गारवासुद्धा सोसत नव्हता. मनगटापासून पुढे हात जांभळट लाल, चकचकीत, घामाने ओला. बोटं अर्धी वळलेली, ना उघडत होती ना मिटत होती. डॉक्टरांनी उठून आधी पंखा बंद केला. पंख्याचा वारा मला चटक्यासारखा लागतो, हे मी त्यांना अजून सांगितलंही नव्हतं.

"याला सीआरपीएस म्हणतात," ते म्हणाले. "कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम." मला कळेल असं त्यांनी समजावलं. मोडलेलं बरं झालं, पण दुखण्याची खबर मेंदूकडे जायची थांबलीच नाही. हाताला अजून मार बसतोय असंच मेंदू धरून चाललाय. म्हणून सूज, म्हणून घाम, म्हणून कापूस लागला तरी आग.

मी एकच विचारलं, "कोयता धरता येईल का?"

मी वनिता. वय चव्वेचाळीस, शिक्षण दहावी पास, तेही दुसऱ्या फटक्यात. चिंचणीच्या बाजारात मासळी विकते. बाजारातली जागा सासूबाईंची, त्यांच्याकडून मला आली. ओली मासळी गिऱ्हाईक कापून मागतं. नुसती मांडून बसलं तर बाया पुढच्या टोपलीकडे जातात. उजवा हात म्हणजे माझं दुकान, असं समजा.

"सहा महिने तरी धरून चाला," डॉक्टर म्हणाले. "औषध मी देतो, पण औषधाने अर्धंच काम होतं. बाकीचं फिजिओथेरपीने, आणि त्यात मेहनत तुमची. नाही केली तर बोटं अशीच आखडून राहतील. मग कोयता सोडा, वेणीसुद्धा घालता येणार नाही."

तुम्हाला वाटेल, ऐकून रडू आलं असेल. नाही आलं. भिंतीवर एक गुजराती कॅलेंडर होतं, त्यावरची अक्षरं लावत मी बसून राहिले. बाहेर बाकावर सासूबाई माझी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना सांगितलं, "हाड जुळलंय." त्या म्हणाल्या, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही. व्यायाम करायचाय." डहाणूहून रिक्षाने चिंचणीला आलो.

हे मी लिहितेय ते हातापायाला प्लास्टर घातलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून. माझ्या चुका मी जशा केल्या तशा सांगते. त्यातली एक सांगताना अजून लाज वाटते, पण ती गाळली तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

दिवाळी झाली की आम्ही बायका सुकी मासळी घेऊन आतल्या आठवडी बाजारांना जातो, सायवन, तलासरी. बोंबील, जवळा, वाकट्या. चौघी मिळून टेम्पो करतो. त्या दिवशी तलासरीला हायवेच्या कडेला टेम्पो थांबला. शहाण्या बाईने आधी उतरावं आणि मग गोणी ओढावी. मी गोणी काखेत घेऊनच उडी मारली, नेहमी मारते तशी. पाय मुरगळला आणि उजवा हात टेकून पडले. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या बाईला आला, मला नाही. मला आधी गोणी फुटली की काय तेच बघायचं होतं.

तिथल्या दवाखान्यात सांगितलं, कॉलीज फ्रॅक्चर. म्हणजे पडताना तळहात टेकला की मनगटाजवळचं हाड मोडून मागे सरकतं. हात सुजायला लागला होता. सिस्टर म्हणाली, "ताई, बांगड्या वाढवाव्या लागतील." पोर शहाणी, 'फोडू' म्हणाली नाही. हिरवा चुडा होता, डझनभर. खाली कापूस घालून तिने एकेक वाढवली आणि काचा कागदात बांधून माझ्या पिशवीत ठेवल्या. मग हाड ओढून बसवलं आणि कोपराखालपर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं.

घरी जाताना एक छापील कागद दिला होता. हात उंच ठेवा, बोटं दर तासाला हलवा. तो मी घडी करून ठेवला तो ठेवलाच. मोडलेलं हलवलं तर जुळणार कसं, हे माझं डोकं. सहा आठवडे बोटं पदरात गुंडाळून ठेवली, एकदाही हलवली नाहीत. येणारी जाणारी म्हणायची, वनिता हाताला जपते हो. ही पहिली चूक, आणि ती सगळी माझी.

बाजारातली जागा रिकामी ठेवून चालत नाही. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, दोन वर्षांपूर्वी कोयता माझ्या हाती देऊन बाजार सोडलेल्या. त्या पुन्हा येऊन बसल्या. कापायच्या त्या, डाव्या हाताने वजन करून द्यायचे मी. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, "मावशी, तुम्ही परत?" त्या म्हणायच्या, "सुनेने रजा घेतलीय."

प्लास्टर काढलं तेव्हा हात सुक्या बोंबलासारखा निघाला होता, बारीक आणि पांढरट, आणि बोटांवर सूज. तलासरीचे डॉक्टर म्हणाले, हलवत राहा, पण जोर लावू नका, कुणाला ओढू चोळू देऊ नका. हे मात्र मी नीट ऐकलं होतं. ऐकून करायचं ते केलंच.

माझा नवरा गुजरातच्या मासेमारी बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोट त्याच्या हुकमात चालते. एकदा गेला की पंधरा-वीस दिवस समुद्रात, मध्ये कधी फोन लागला तर लागला. तेव्हा अकरा दिवस फोन नव्हता. वारा उठल्याची बातमी होती. वाऱ्याचं एक, आणि पलीकडच्या पाकिस्तानवाल्यांनी बोट पकडून नेली तर त्याचं दुसरं, ही भीती आमच्या पट्टीतल्या सगळ्या घरांना असते. आणि माझा एक हात भरलेला, एक मोकळा. बाजारात बाया मासळी बघायच्या आधी माझा हात बघायच्या. कुणी बोललं नाही. बोलल्या असत्या तर दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

मी सासूबाईंना म्हटलं, उद्या बांगड्या भरून येते. त्या म्हणाल्या, "सूज उतरू दे आधी. समुद्र काय बांगड्या मोजत बसलाय?"

माझे सासरे समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा सासूबाईंचे दोन्ही हात भरलेले होते. हे त्या बोलल्या नाहीत, पण मला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी गेले. भीती वाटत होती. दुसरं काही कारण नाही, नुसती भीती.

कासार म्हणाला, "ताई, हा हात भरायचा नाही. आठ दिवसांनी या." मी म्हटलं, "भरा." त्याने साबण लावला, अंगठा तळहातात दुमडला आणि बोटांचे सांधे एकावर एक दाबून धरले. बांगड्या भरताना दाबतात तसंच, वेगळं काही नाही. पहिल्या बांगडीला डोळ्यापुढे अंधारी आली. सहा भरून घेतल्या. संध्याकाळी हात एवढा सुजला की बांगड्या आत रुतल्या. सासूबाईंनी साबणाने चार काढल्या, दोन वाढवाव्या लागल्या. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. इंजिन बसलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढत आणलं. खुशाल होता.

त्यानंतर हात दिवसागणिक बिघडत गेला. त्वचा ताणून चकचकीत झाली. हाताचा रंग दिवसातून दोनदा बदलायचा. पदर लागला तरी ओरडावंसं वाटायचं, झोपताना हात उशीवर उघडा ठेवायचा आणि घरातल्यांनी लांबून चालायचं. महिनाभर मी हे काढलं. होईल बरं, होईल बरं. मग डहाणूला गेलो आणि सीआरपीएस हा शब्द घेऊन आलो.

त्या आठवड्यात नवरा चार दिवसांची सुट्टी घेऊन आला. त्याने हात पाहिला आणि आईवर उसळला. "तुझ्या बांगड्यांच्या खुळापायी हिचा हात गेला." गावानेही तसंच धरलं होतं. सुनेचा हात मोकळा म्हणून म्हातारीच मागे लागली असणार, दुसरं कोण? सासूबाई ओट्यावर मासळी साफ करत होत्या, त्या करत राहिल्या. मी तिथेच होते. मूग गिळून बसले.

का बसले, विचाराल तर तेव्हा मला काही वाटतच नव्हतं. हाताला जितकं जास्त कळायचं, तितकं मला आतून कमी कळायचं. कुणी मेल्याची बातमी सांगितली असती तरी मी 'बरं' म्हणाले असते. नवरा परत बोटीवर गेला तेव्हाही मी दाराशी नुसती उभी राहिले.

डहाणूत फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं. तिथल्या मॅडम हेतल, वय तिशीच्या आत, घरचं बोलणं गुजराती. पहिल्या दिवशी त्यांनी केसपेपर भरायला घेतला. गोनिओमीटर म्हणून एक मोजपट्टी असते, दोन पात्यांची, तिने सांध्याचा कोन मोजतात. त्यांनी प्रत्येक बोटाचा कोन मोजून लिहिला. मग विचारलं, "प्लास्टरमध्ये बोटं हलवली होती?" नाही म्हटलं. "प्लास्टर काढल्यावर हातावर काही जोर पडला?"

मी म्हटलं, "सासूबाईंनी बांगड्या भरायला लावल्या."

इतक्या सहज तोंडातून गेलं की मलाच ऐकू आलं नाही. सासूबाई चार हातांवर स्टुलावर बसल्या होत्या. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं. सासूबाई पिशवीच्या बंदाची गाठ सोडत बसल्या. याला मी चूक म्हणणार नाही, ते खोटं होतं.

मॅडम म्हणाल्या, "वनिताबेन, दुखेल. पण दुखणं वेगळं आणि नुकसान वेगळं. हाड आता मोडायचं नाही. हात दुखतोय म्हणून बिघडतोय असं नाही, हे डोक्यात ठेवा, चालेल ने?" हे वाक्य मी पुढे रोज स्वतःला सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण ते कळायला मला दोन महिने लागले.

मग कामं सुरू झाली. कॉन्ट्रास्ट बाथ, म्हणजे एका घमेल्यात कोमट पाणी, एकात साधं, हात आलटून पालटून बुडवायचा. सूज उतरवायला बोटांच्या टोकाकडून कोपराकडे हलका हात फिरवायचा. आणि डिसेन्सिटायझेशन. म्हणजे हाताला स्पर्शाची सवय परत लावायची. आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल, मग रवा, मग तांदूळ. सोसेल तेवढंच, पण रोज, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. सोसत नाही म्हणून सोडून दिलं तर हात आणखी मागे जातो. अंगात मर्दुमकी आणून एकदम रेटलं तरीही मागेच जातो. मी दोन्ही करून पाहिलंय.

कापसाचा पहिला आठवडा मी दात आवळून काढला. बाजूच्या खाटेवर चिकूच्या वाडीत झाडावरून पडलेला एक माणूस खांद्याचे व्यायाम करायचा. तो आपल्या खांद्यासाठी कण्हायचा आणि मी कापसासाठी. तो मला म्हणाला, "मावशी, कापूस टोचतोय का?" मी म्हटलं, "तुझ्या खांद्याला लावून देऊ?" तेवढं बोलायची ताकद होती.

फेब्रुवारीत मॅडमनी आरसा काढला. मिरर थेरपी. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, आजारी हात आरशामागे लपवायचा आणि चांगला हात पुढे ठेवायचा. आरशात पाहिलं की चांगल्या हाताचं प्रतिबिंब आजारी हाताच्या जागी दिसतं. चांगली बोटं उघडली मिटली की मेंदूला वाटतं आजारीच हलतोय, आणि दुखत तर नाहीये. असं फसवत फसवत त्याला शिकवायचं. मला हा पोरखेळ वाटला.

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही हात सारखे दिसायला पाहिजेत. डाव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा."

मी तशीच बसले. नवरा समुद्रात होता. उजवा हात मोकळा होताच, आता डावाही मोकळा करायचा. मॅडमना वाटलं मला ऐकू आलं नाही, त्यांनी परत सांगितलं. मी म्हटलं, "आजच पाहिजे का?"

सासूबाई स्टुलावरून उठल्या. बेसिनवरचा साबण घेतला, माझ्या डाव्या हाताला लावला आणि एकेक बांगडी काढली, एकही न तडकवता. बाराच्या बारा. पदराने पुसल्या आणि स्वतःच्या हातात घातल्या. त्यांचा हात काटकुळा, बांगड्या कोपरापर्यंत खळखळत गेल्या. वीस वर्षं त्या हातांत काही नव्हतं. "तुझं झालं की परत घे," त्या म्हणाल्या. "तोवर घरात एक हात भरलेला असू दे." आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

बाहेर डहाणूच्या, आतल्या गावांच्या सगळ्या बाया होत्या. पांढऱ्या केसांची, कपाळ मोकळं असलेली म्हातारी हिरवा चुडा घालून बसलेली त्यांनी पाहिली. काय म्हणाल्या असतील ते मला माहीत नाही. काचेच्या दारातून मला सासूबाईंची पाठ दिसत होती, ताठ. दहा मिनिटं मी आरशात बोटं उघडमीट केली. आरशात माझा जुना हात होता, मासळीवर सरसर चालणारा. बाहेर आले, सासूबाईंनी बांगड्या काढून माझ्या डाव्या हातात परत भरल्या. आम्ही रिक्षा पकडली.

पुढचे दोन महिने हे असंच चाललं. दवाखान्यात आठवड्यातून तीनदा, घरी सकाळ-संध्याकाळ. घरी भिंतीवरचा आरसा उतरवून पाटावर उभा करायचे. मी बसले की सासूबाई हात पुढे करायच्या, मी बांगड्या द्यायचे. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "काय मावशी, नटलात?" त्या म्हणाल्या, "दुसरं लग्न करतेय." शेजारीण गेली ती परत विचारायला आली नाही.

रवा झाला, तांदूळ झाले. मॅडम म्हणाल्या, घरात जे खरखरीत असेल ते वापरा, ज्यात हाताला पुढे काम करायचंय ते. सासूबाईंनी सुक्या जवळ्याची टोपली पुढ्यात आणून ठेवली. "घाल." जवळा म्हणजे नखाएवढी सुकी कोळंबी, त्याच्या मिशा टोचतात, चांगल्या हातालाही. पहिल्या दिवशी एक बोट घातलं आणि निखाऱ्यात घातल्यासारखं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत ठेवलं. मग दोन बोटं. मग तळहात. वास हाताला बसला, मांजरं मागे फिरायला लागली, पण तो वास नवा नव्हता. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. माझी मुंगी लंगडीही होती. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी हात परत लाल. अशा वेळी मॅडम म्हणायच्या, "मागचा महिना आठवा, मागचा दिवस नाही."

मार्चच्या शेवटी एका दुपारी मी टोपलीत हात घालून बसले होते. अंगणात सासूबाई दोरीवरचे बोंबील पलटत होत्या. माझं लक्ष रस्त्यावर, टेम्पोवाला पैसे जास्त मागतो त्याच्याशी कसं भांडायचं याचा विचार करत होते. खाली पाहिलं तर हात मनगटापर्यंत जवळ्यात होता. टोचत होतं. कोरडं, हलकं, टोचरं. नुसता जवळा होता तो. आग नव्हती.

तेव्हा रडले. चार महिन्यांचं एकदम. हाताचं सुख होतं त्यात, पण जास्त लाज होती. कळायला लागलं आणि पहिली आली ती लाजच.

सासूबाई बोंबील सोडून आत आल्या. मी म्हटलं, "आई, मी त्या मॅडमना खोटं सांगितलं. तुम्ही भरायला लावल्यात म्हणाले."

"माहीतय," त्या म्हणाल्या. "मी तिथेच होते."

"मग बोलला का नाहीत? तेव्हाही नाही, हे घरी ओरडले तेव्हाही नाही."

"तुझा हात दुखत होता," त्या म्हणाल्या, आणि टोपली पुसायला लागल्या. त्यात डोळ्यांचं पाणी पडलं तरी जवळा खराब होतो.

नवऱ्याचा फोन लागला तेव्हा त्याला सांगितलं. आईने नको म्हटलं होतं, मीच गेले. तो म्हणाला, "आईला दे." सासूबाईंनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाल्या, "जेवलास का?" त्याने काय सांगितलं ते मला कळलं नाही. त्या 'हं, हं' करत होत्या.

पुढच्या फेरीला मी हेतल मॅडमना म्हटलं, केसपेपरवर सासूबाईंचं लिहिलंय ते खोडा. त्या म्हणाल्या, "वनिताबेन, बांगड्यांमुळेच झालं असं कुणी सांगू शकत नाही. सीआरपीएस कुणाला का होतो ते नीट कळलेलं नाही. काहींना नुसत्या प्लास्टरनंतरही होतो." मी म्हटलं, "तरी खोडा." त्यांनी पेन घेतलं आणि आडवी रेघ मारली.

शेवटचं काम होतं स्क्रब अँड कॅरी. म्हणजे हाताला भार द्यायचा. गुडघ्यांवर बसून ब्रशने फरशी घासायची, हातावर वजन टाकून, आणि पिशवी उचलून चालायचं, रोज थोडं वजन वाढवत. ऐकून हसू आलं. याच्यासाठी मॅडम शिकल्या आणि मी जन्मभर हेच केलं. बाजारातला ओटा घासायला लागले. कोयत्याच्या मुठीला मॅडमनी सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळायला सांगितलं, मूठ जाड झाली की कमी मिटूनही पकड बसते. आधी मांदेली साफ केली, मग बोंबील, मग बांगडे.

आता हात कसा आहे ते सांगते, कारण असं लिहिणारे शेवटी सगळं बरं झालं म्हणतात. सगळं नाही झालं. मूठ मिटते, पण टोकं तळहाताला टेकत नाहीत, बोटभर अंतर राहतं. तळहात पूर्ण वर फिरत नाही; त्या फिरवण्याला सुपिनेशन म्हणतात, ते माझं कमी राहिलंय. देवळात तीर्थ घ्यायला ओंजळ नीट होत नाही, डावा हात खाली धरावा लागतो. थंडीत बोटं सकाळी तासभर ऐकत नाहीत. पदरी पडलं पवित्र झालं.

तुमच्यासाठी एवढंच. पडलात, हात सुजायला लागला, की अंगठ्या-बांगड्या आधी उतरवा, त्यात अपशकुन काही नाही. प्लास्टरच्या बाहेर जी बोटं आहेत ती त्याच दिवसापासून हलवा, दर तासाला. बोटं हलवल्याने हाड सरकत नाही, डॉक्टर सांगतात ते खरं आहे. प्लास्टर निघाल्यावर कुणाला हात दाबू, ओढू, चोळू देऊ नका, मग तो कितीही जाणता असो. आणि कापूस लागून आग होत असेल, रंग बदलत असेल, तर होईल बरं म्हणत महिना घालवू नका, त्याच आठवड्यात जा. लवकर गेलं तर लवकर सुटतं. आणि दुखण्याने माणूस आतून बधिर होतो, तेव्हा तोंडातून काय जातं त्यावर लक्ष ठेवा. जवळच्यांवरच जातं.

मेमधला एक दिवस. त्या दिवशी पहिल्यांदा मी टोपलीभर मासळी एकटीने कापली. सासूबाई शेजारी पिशवीवर बसून होत्या, कोयता त्यांनी हातात घेतला नाही. एका बाईला सुरमईचे तुकडे जाड झाले म्हणून तिने तोंड वाकडं केलं. सासूबाई तिला म्हणाल्या, "जाड खाल्लं की ताकद येते." बाजार उठला, ओटा धुतला. त्यांना उठायचं होतं, गुडघे धरले होते, म्हणून मी डावा हात पुढे केला.

त्यांनी तो बाजूला सारला. "हा नको," म्हणाल्या. "दुसरा दे."

मी उजवा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळं वजन त्यावर टाकून उठल्या. कोपरापर्यंत कळ गेली. मी पाय रोवून उभी राहिले, सोडलं नाही. त्या सरळ झाल्या, पदर झटकला आणि माझ्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "पकड ढिली आहे अजून. पण चालेल. उद्यापासून मी येत नाही."